महाड-पोलादपूरचे अरुंद रस्ते अरुंदच राहू द्या

महाड आणि पोलादपूर हे रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे दोन तालुके. पोलादपूरच्या एका अंगाला सातारा, दुसऱ्या अंगाला रत्नागिरी. महाडच्या डोक्यावर सह्याद्रीची कडा आणि कड्यापलीकडे पुणे जिल्ह्यातले भोर आणि वेल्हे. चार जिल्ह्यांच्या शिवा जिथे एकमेकींना भिडतात तिथल्या खोऱ्याखोऱ्यांत एसटी जेमतेम जाईल एवढ्या रुंदीचे डांबरी रस्ते आहेत. भाताच्या खाचरांच्या कडेने, ओढ्यांच्या मोऱ्यांवरून, आंब्या-फणसांच्या सावलीतून ते वाडीपर्यंत जातात आणि बहुतेक ठिकाणी डोंगराच्या पायथ्याशी संपतात. सायकल चालवायला यापेक्षा चांगले रस्ते महाराष्ट्रात फार थोडे असतील. हे मी महाडचा माणूस म्हणून सांगतो आहे आणि पुण्याच्या, साताऱ्याच्या, नाशिकच्या रस्त्यांवर सायकल फिरवलेला माणूस म्हणूनही.

हे रस्ते आता आपल्या हातून जायला लागले आहेत. म्हणून हे आवाहन.

घाई का, ते आधी सांगतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्या बारांत रायगड आहे आणि प्रतापगडही आहे. आपले दोन तालुके या दोन गडांच्या मधोमध पसरलेले आहेत. मुंबई-गोवा महामार्ग चौपदरी होतो आहे, त्यामुळे मुंबई जवळ येते आहे. वरंध घाटाचा महाड-भोर रस्ता राष्ट्रीय महामार्गात गेला आहे. पाहुणे येणार, गाड्या वाढणार, हे उघड आहे आणि त्याबद्दल तक्रार करण्याचं कारण नाही. पण पाहुणे येणार म्हटल्यावर आपल्याकडे पहिला विचार एकच होतो: रस्ता रुंद करा. मग जेसीबी येतो, डोंगराची कड खरवडली जाते, कडेची झाडं पडतात, मागोमाग खडीचे डंपर, आणि पाठोपाठ ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ प्लॉट विकणाऱ्यांच्या पाट्या. एका खोऱ्यात हे झालं की शेजारचं खोरं मागे राहिल्यासारखं वाटायला लागतं आणि तिथूनही तीच मागणी येते.

पोलादपूरहून महाबळेश्वरच्या रस्त्याला लागलं की कापडे गाव येतं. मोठा रस्ता आंबेनळी घाटाकडे चढायला निघतो आणि एक धाकटा रस्ता उमरठकडे वळतो. त्या वळणावर सायकलस्वाराच्या कानांना पहिला फरक कळतो. ट्रकचा घरघराट मागे पडतो आणि पाण्याचा, पाखरांचा, दूरच्या हाकेचा आवाज वर येतो. उमरठ म्हणजे तानाजी मालुसऱ्यांचं गाव. त्यांची समाधी इथे आहे. तिथून पुढे हा रस्ता चंद्रगडाच्या पायथ्याच्या ढवळे गावापर्यंत जातो. चढ आहेत, पण छातीवर येणारे नाहीत. एक पऱ्या ओलांडायला रस्ता उतरतो, दुसऱ्या अंगाने चढतो, पुन्हा खाचरांच्या सपाटीला लागतो. ऑक्टोबरात इथे पिवळं पडलेलं भात दोन्ही हातांना असतं. फेब्रुवारीत राब भाजल्याचा धूर डोंगराच्या अंगावर रेंगाळतो, पळस आणि पांगारा पेटलेले असतात, सावर लाल झालेली असते. ढवळ्यापुढे गाडीरस्ता नाही. तिथून महाबळेश्वरच्या ऑर्थरसीटकडे चढते ती घाटाची जुनी पायवाट.

ही शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ही खोरी शांत आहेत, कारण ती पुढे बंद आहेत. वाहनांची वर्दळ आरपार जायला वाट शोधते. जिथे कडा उभा आहे तिथे ती येतच नाही. जो येतो तो त्या वाडीचा असतो किंवा त्या वाडीकडे पाहुणा म्हणून आलेला असतो. म्हणून या रस्त्यांवर बैल रस्त्यात बसतात, पोरं शाळेतून मोकळी चालत येतात, बायका डोक्यावर भारा घेऊन रस्त्याच्या मधून निर्धास्त चालतात. ‘जोडरस्ता’ हा शब्द ऐकायला चांगला वाटतो. पण अशा खोऱ्याला वर घाटमाथ्याशी गाडीरस्त्याने जोडलं की ते कुणाचं तरी गाव राहत नाही, कुठून तरी कुठे तरी जायची वाट होऊन जातं.

शिवथरचं खोरंही असंच. महाड-भोर रस्त्यावरून बारसगावाशी आत वळायचं. कसबे शिवथर, आंबे शिवथर, कुंभे शिवथर अशी तीन शिवथरं. तीन बाजूंनी सह्याद्रीची भिंत. समर्थांनी जिथे दासबोध रचला असं मानतात ती घळ धुळ्याच्या शंकर कृष्ण देवांनी १९३० साली शोधून काढली. घळीला येणारी बहुतेक माणसं गाडीच्या काचेतून हे खोरं पाहतात आणि तासाभरात परततात. सायकलवर आलेल्याला मात्र तीन शिवथरं तीन निराळी गावं म्हणून कळतात.

बिरवाडीच्या पुढे काळ नदीच्या अंगाने वाळणकडे जाणारा रस्ता घ्या. वाळण कोंडात माशांना कोणी हात लावत नाही. ते देवीचे मासे. काठावर उभं राहिलं की ते मोठाले मासे अंगणातल्या वासरांसारखे जवळ येतात. कुठल्या कायद्याने ते वाचवलेले नाहीत. गावांनी ठरवलं आणि पिढ्यान्‌पिढ्या पाळलं. याच नदीवर खाली बिरवाडीला रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत आहे. एकाच पाण्याच्या या दोन गोष्टी, आणि दोन्ही आपल्याच तालुक्यातल्या. डोहातल्या माशांना आपण अभय देऊ शकलो, तर खोऱ्यातल्या रस्त्याला का नाही?

महाड-दासगाव बाजूला सावित्रीच्या खाडीचा सखल मुलूख लागतो. गांधारपाल्याची लेणी डोक्यावर ठेवून निघालं तर सवच्या गरम पाण्याच्या कुंडांपर्यंत सकाळच्या पारी सहज जाऊन येता येतं. विन्हेऱ्याच्या बाजूला फौजी आंबवडे आहे, जिथे पहिल्या महायुद्धापासून घराघरातून पोरं सैन्यात गेली. चवदार तळ्यापासून सीमा ओलांडून मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्यापर्यंत, म्हणजे बाबासाहेबांच्या मूळ गावापर्यंत जायचं, अशी एक वाट तर कुणीतरी केव्हाच आखायला हवी होती. आणि या सगळ्याला कोकण रेल्वेची वीर, सापे वामणे, करंजाडी, विन्हेरे ही छोटी स्थानकं हाताशी आहेत. मोटार न आणता इथे येता येतं.

आता तळीये.

२२ जुलै २०२१ रोजी तळीयेच्या कोंडाळकरवाडीवर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरडी आल्या. त्याआधी २००५च्या जुलैमध्ये दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते. सोळा वर्षांत दोनदा या तालुक्यांनी गावंच्या गावं मातीखालून उकरली आहेत. तळीयेची वाचलेली माणसं पुढे काही वर्षं कंटेनरमध्ये राहिली. सायकलच्या रस्त्यांवर लिहिताना हे टाळून पुढे जाणं मला जमणार नाही. इथला रस्ता डोंगराच्या अंगावरचा आहे, आणि डोंगराला काय सोसतं हे विचारल्याशिवाय इथे रस्त्याचा एक मीटरही वाढवता कामा नये.

तळीयेची दरड रस्त्यामुळे आली असं मी म्हणत नाही. ती अतिवृष्टीने आली. पण आपले डोंगर कसे बनले आहेत हे तिने पुन्हा दाखवलं. खाली काळा कातळ, त्यावर झिजलेल्या मुरमाचा आणि तांबड्या मातीचा जाड थर. पाऊस मुरत जातो, थर जड होतो, माती आणि कातळ यांच्या सांध्यात पाणी साचतं आणि वरचा भार निसटतो. तो धरून ठेवतात झाडांची मुळं आणि उताराचा पाया. रस्ता रुंद करताना आपण नेमक्या याच दोन गोष्टी काढून घेतो. एकेरी रस्ता पावणेचार मीटरचा असतो, दुहेरी सात मीटरचा. कागदावर हा फरक सव्वातीन मीटरचा दिसतो. उतरत्या डोंगरात मात्र तेवढी जागा काढायला कड कित्येक फूट जास्त उंच कापावी लागते, आणि निघालेली माती बहुतेकदा खालच्या अंगाला ओढ्यात लोटली जाते. पुढच्या पावसात ओढा रस्त्यावर येतो. भोगावजवळ महामार्ग पावसाळ्यामागून पावसाळे खचताना आपण पाहिला आहे. वरंध घाट पावसाळ्यात बंद ठेवायचे आदेश प्रशासनाला काढावे लागतात, हेही आपण पाहतो.

या भागातली काही माणसं मला विचारतील, आणि त्यांनी विचारायलाच हवं: तुमच्या सायकलीसाठी आम्ही खड्ड्यांत राहायचं का? बाळंतिणीला महाडला न्यायचं ते कशाने? तळीयेला मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला, त्याचं काय?

मी हे प्रश्न हलक्यावर घेत नाही. माझं उत्तर असं आहे की या वाड्यांना रुंद नव्हे, टिकणारा रस्ता हवा आहे. दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत. तळीयेला मदत पोचली नाही ती रस्ते पाण्याखाली गेले आणि दरडींनी अडले म्हणून. सात मीटरचा रस्ताही तसाच पाण्याखाली जातो, तसाच दरडीने अडतो. रुग्णवाहिका अडते ती तुंबलेल्या मोरीमुळे, वाहून गेलेल्या साकवामुळे, खचलेल्या साइडपट्टीमुळे. तेव्हा पैसा मोठ्या मोऱ्यांना द्या, डोंगराकडच्या गटारांना द्या, संरक्षक भिंतींना द्या, पुलांच्या तपासणीला द्या. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल दोन एसटी गाड्यांसह वाहून गेला, हे या तालुक्याला शिकवावं लागत नाही. ठरावीक अंतरावर दोन गाड्यांना एकमेकींना बाजू देता येईल अशी जागा काढा. डांबर दर वर्षी वेळेवर करा. इतकं झालं तर पावणेचार मीटरचा रस्ता माणसालाही पुरतो आणि डोंगरालाही.

आणि इथे सायकलस्वार कामाला येतो. मोटारीतून जाणाऱ्याला डोंगराच्या कडेला नवी भेग पडलेली दिसत नाही. झाड कलंडायला लागलंय, ओढ्याचं निवळ पाणी अचानक गढूळ झालंय, मोरीच्या तोंडात पालापाचोळा अडकलाय, हे दिसतं पायी चालणाऱ्याला आणि त्यानंतर सायकलवाल्याला. दरडीच्या आधी डोंगर अशाच खुणा दाखवतो. दर रविवारी खोऱ्यांत सायकली फिरत असतील तर त्या डोळ्यांचा उपयोग करून घ्या. मंडळी, फोटो काढताच ना? एक फोटो तुंबलेल्या मोरीचाही काढा आणि ग्रामपंचायतीला, तहसील कार्यालयाला पाठवा.

कशेडीबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तिथे आयतीच संधी चालून आली आहे. पोलादपूर आणि खेड यांच्यामधल्या या घाटाखालून आता बोगदा झाला. २०२३च्या गणपतीत त्याची एक बाजू वापरात आली. घाटातली वर्दळ बोगद्याकडे वळली की वरचा जुना रस्ता रिकामा होतो: रायगडातून रत्नागिरीत नेणारा, बेताच्या चढाचा, आधीच बांधून तयार असलेला, झाडीचा रस्ता. एक झाड तोडायचं नाही, एक दगड फोडायचा नाही. जुना कशेडी घाट सायकलींसाठी, पायी चालणाऱ्यांसाठी आणि घाटातल्या गावांच्या गाड्यांसाठी संथ रस्ता म्हणून जाहीर करा. त्याची देखभाल करा, बेवारस सोडू नका. घाटातल्या टपऱ्यांचा, खाणावळींचा धंदा बोगद्याने बसेल, त्यांनाही याने हात मिळेल. दोन जिल्हा परिषदांनी एकत्र बसून एका हंगामात करण्यासारखं हे काम आहे.

जगात हे कुणी केलंय का? केलंय, आणि सीमेवरच्याच मुलखात. बेल्जियमचा लिम्बुर्ग प्रांत नेदरलँड्सला लागून आहे. कोळशाच्या खाणींवर जगणारा प्रदेश. १९९२ साली शेवटची खाण बंद पडली. हुगो बोलेन नावाच्या खाण अभियंत्याने एक साधी कल्पना मांडली. खाणीतल्या बोगद्यांच्या फाट्यांना जसे आकडे असतात, तसे आकडे गावरस्त्यांच्या फाट्यांना द्यायचे. प्रत्येक फाट्यावर पाटी: इथला आकडा अमुक, पुढे तमुक. माणसाने चार-सहा आकडे कागदावर लिहून घ्यायचे आणि सायकल काढायची. १९९५ मध्ये हे जाळं सुरू झालं. त्यासाठी रस्ते रुंद करायची गरज पडली नाही. जे रस्ते होते तेच शोधून, जोडून, पाट्या लावून दिले. आज बेल्जियमच्या उत्तर भागात आणि शेजारच्या नेदरलँड्समध्ये सगळीकडे अशी जाळी आहेत आणि माणसं सीमा केव्हा ओलांडली हे न कळता फिरतात.

आपल्याकडे असे फाटे आहेतच. कापडे, बारसगाव, बिरवाडी, विन्हेरे. दगडावर पांढरा रंग देऊन आकडा लिहायला किती खर्च येतो? आणि आलेला सायकलस्वार काय मागतो? पाणी, सावली, तांदळाची भाकरी, कोकमचं सरबत, पंक्चर काढायची सोय, एखाद्या घरात रात्रीची पडवी. हा पैसा प्लॉटवाल्याच्या खिशात जात नाही, चुलीपाशी जातो. मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांच्या बंद घरांना निदान हंगामापुरता दिवा लागेल.

सह्याद्रीच्या परिसंवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचे मसुदे २०१४पासून निघत आहेत. सहावा ३१ जुलै २०२४ला निघाला. त्यावर वाद आहेत, भीती आहे, राजकारण आहे. दिल्लीचा कागद पक्का होईपर्यंत आपल्या डोंगराने वाट पाहावी असं मात्र कुठे लिहिलेलं नाही. खोऱ्यातला रस्ता कसा असावा हे ठरवायला गाव आज मोकळं आहे.

पुण्या-मुंबईच्या सायकलस्वारांना एक कळकळीची विनंती. या. गटाने या, पण वाडीतून जाताना एकापाठोपाठ जा. गुरं दिसली की घंटी वाजवा आणि थांबा. खाचराच्या बांधावर सायकल आडवी घालू नका. हवामान खात्याचा लाल इशारा असेल, घाट बंदचा फलक असेल, तर मागे फिरा. तुम्हाला शोधायला याच वाड्यांतली पोरं उतरतात. आणि तळीयेला दरडीची जागा ‘बघायला’ जाऊ नका. तिथे माणसं गाडली गेली आहेत. त्या वाटेने जाणं झालं तर मान खाली घालून पुढे जा आणि तळीयेच्या माणसांकडून विकत घेण्यासारखं काही असेल तर ते विकत घ्या.

बांधकाम विभागाच्या अभियंत्यांना: रुंदीकरणाचा प्रस्ताव कराल तेव्हा त्याला भूवैज्ञानिकाचा लेखी अभिप्राय जोडा, आणि तो मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. कापायच्या प्रत्येक झाडाचं नाव त्यात येऊ द्या: आंबा, ऐन, किंजळ, वड.

गडांवर काम करणाऱ्या संस्थांनाही सांगायचं आहे. रायगड आणि प्रतापगड यांच्यामधला मुलूखही त्या दोन गडांइतकाच राखायला हवा. तानाजी ज्या वाटांनी उमरठहून निघाले असतील त्या खोऱ्यात डंपरांची रांग लावून आपण गडाचा वारसा जपला असं म्हणता येणार नाही.

आणि चाकरमान्यांनो, गावच्या बैठकीत तुमच्या शब्दाला वजन आहे. मुंबईहून फोन करून ‘रस्ता मोठा झाला पाहिजे’ म्हणण्याआधी गणपतीत घरी याल तेव्हा एकदा आपल्या रस्त्याने पायी फिरा. तो कुठे खचतोय, कुठे पाणी चढतंय, ते बघा. मग काय मागायचं ते ठरवा.

ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला भरतात. यातल्या जी तारीख पुढे येईल त्या सभेत महाड आणि पोलादपूरच्या प्रत्येक खोऱ्यातून एक ठराव मांडा: आमच्या गावच्या रस्त्याची रुंदी आहे तीच राहील, डोंगराची कड आणि कडेची झाडं ग्रामसभेच्या लेखी संमतीशिवाय कापली जाणार नाहीत, रस्त्याचा निधी आधी मोऱ्या, गटारं आणि संरक्षक भिंतींवर खर्च होईल, खडीचे डंपर शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी आणि रविवारी सकाळी या रस्त्याने जाणार नाहीत. सभेत आवाज चढतील, चढू द्या. ठराव लिहून घ्या, सह्या करा, एक प्रत तहसीलदारांना द्या, एक बांधकाम विभागाला, आणि पोच घेतल्याशिवाय घरी परतू नका.